जपानची देवळं, डोंगर आणि धबधबे: निघण्याआधी सगळे विचारतात ते प्रश्न

आम्ही दोनदा जपानला जाऊन आलो, एकदा नोव्हेंबरात आणि एकदा भर पावसाळ्यात, जूनमध्ये. तेव्हापासून नातेवाईक, सोसायटीतले शेजारी, कुणाकुणाचे मित्र असे सगळ्यांचे फोन येतात आणि प्रश्न साधारण तेच असतात. म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. दर आणि वेळा बदलत राहतात, तेव्हा निघण्याआधी त्या त्या देवळाच्या संकेतस्थळावर एक नजर टाका.

शिंतो देऊळ कुठलं आणि बौद्ध देऊळ कुठलं, हे ओळखायचं कसं?

प्रवेशद्वार बघा. दोन उभे खांब आणि त्यांवर दोन आडव्या तुळया अशी मोकळी कमान असेल तर ते जिंजा, म्हणजे शिंतो देवस्थान. त्या कमानीला तोरी म्हणतात. (आपल्याला लगेच तोरण आठवतं. दोन्हींचं नातं आहे असं काही अभ्यासक मानतात, पण ते सिद्ध झालेलं नाही.) छप्पर असलेला भक्कम दरवाजा आणि त्याच्या दोन्ही अंगांना डोळे वटारलेले पिळदार द्वारपाल दिसले, तर ते ओतेरा, म्हणजे बौद्ध देऊळ. नावावरूनही कळतं. शेवटी ‘जी’, ‘देरा’ किंवा ‘इन’ आलं की बौद्ध. ‘जिंजा’, ‘जिंगू’, ‘ताइशा’ आलं की शिंतो.

पण ही विभागणी फार घट्ट धरू नका. हजारेक वर्षं दोन्ही धर्म एकाच आवारात गुण्यागोविंदाने नांदत होते. 1868 मध्ये मेइजी सम्राटाच्या सरकारने फर्मान काढून त्यांची वाटणी केली. ती पुरती कधी झालीच नाही, म्हणून आजही बौद्ध देवळाच्या कोपऱ्यात लहानशी तोरी दिसते.

आत गेल्यावर नेमकं काय करायचं? चुकलं तर कुणी ओरडतं का?

कुणी ओरडत नाही. तोरीपाशी किंचित वाकायचं आणि वाटेच्या कडेने चालायचं, कारण मधला भाग देवाचा. पुढे पाण्याचं कुंड लागतं. लांब दांड्याच्या पळीत पाणी घेऊन आधी डावा हात, मग उजवा, मग डाव्या ओंजळीतल्या पाण्याने चूळ, पुन्हा डावा हात, आणि शेवटी पळी उभी धरून उरलेल्या पाण्याने दांडा धुवायचा. हे सगळं एका पळीत. पळीला तोंड लावायचं नाही. कोरोनानंतर बऱ्याच ठिकाणी पळ्या काढून टाकल्या आहेत, तिथे वाहत्या पाण्याखाली नुसते हात धुतले तरी चालतं.

देवासमोर पेटीत नाणं टाकायचं, घंटा असेल तर वाजवायची. मग दोनदा वाकून नमस्कार, दोन टाळ्या, मनातलं मागणं, आणि शेवटी एकदा वाकून नमस्कार. इझुमो ताइशा या प्राचीन देवस्थानात मात्र चार टाळ्या. बौद्ध देवळात टाळ्या अजिबात नाहीत, आपल्यासारखे हात जोडायचे. नाणं शक्यतो 5 येनचं, कारण ‘पाच येन’ आणि ‘ऋणानुबंध’ या दोन्हींचा उच्चार जपानीत ‘गोएन’. आपण पाकिटावर एक रुपया जास्तीचा ठेवतो, त्यातलाच प्रकार.

आम्ही हिंदू. तिथे नमस्कार केलेला चालतो का? सोयरसुतक असतं का?

नमस्कार खुशाल करा. तिथली माणसंही लग्न एका धर्माच्या रीतीने आणि अंत्यविधी दुसऱ्याच्या रीतीने करतात, तुमची जात-पात कोण विचारतो!

सुतकाचा प्रश्न आमच्या मावशीने विचारला होता आणि मी हसलो होतो. नंतर कळलं की हसायला नको होतं. घरात मृत्यू झाला की साधारण 50 दिवस जपानी माणूस तोरीखालून जात नाही. मृत्यूचा विटाळ शिंतो देवांना चालत नाही अशी समजूत आहे. बौद्ध देवळात जायला हरकत नसते, उलट मृत्यूचे सगळे विधी तिथेच होतात. प्रवाशाला अर्थातच कुणी विचारत नाही. बायकांनाही कुठे अडवत नाहीत, एक ठळक अपवाद सोडून: नारा प्रांतातल्या ओमिने डोंगराच्या शिखराकडे जाणाऱ्या वाटेवर आजही बायकांना मज्जाव आहे. जपानमध्येही त्यावरून वाद होतो.

आपले देव तिथे आहेत असं ऐकलं. खरंच आहेत, की फॉरवर्डमधली गंमत?

आहेत. पण ‘अख्खं जपान हिंदूच होतं’ छापाचे फॉरवर्ड बाजूला ठेवा. आपले देव बौद्ध धर्माचं बोट धरून चीनमार्गे गेले आणि तिथे पुरते जपानी झाले.

सरस्वती म्हणजे बेंझाइतेन, लाडाने बेंतेन. ती मुळातच नदीची, म्हणून तिची देवळं पाण्याकाठी असतात. टोकियोत उएनो बागेतल्या कमळांच्या तळ्यात तिचं एक देऊळ आहे. तिच्या हातात विणेऐवजी बिवा नावाचं तंतुवाद्य असतं. कामाकुरात ती पैसाही सांभाळते. तिथल्या एका गुहेत लोक टोपलीत नोटा-नाणी घालून झऱ्याच्या पाण्याने धुतात, पैसा वाढतो म्हणे. सरस्वतीने लक्ष्मीचं खातं कधी घेतलं, कुणास ठाऊक. महाकाल तिथे दाइकोकुतेन झाला, खांद्यावर पोतं घेतलेला हसरा, गुबगुबीत. आपला भस्मधारी महाकाल आठवून पहिल्यांदा दचकायलाच होतं.

आणि गणपती. त्याचं नाव कांगितेन किंवा शोतेन. टोकियोत आसाकुसाच्या गर्दीपासून चालत दहा-पंधरा मिनिटांवर मात्सुचियामा शोदेन आहे. तिथे नैवेद्याला मुळा असतो, पांढराशुभ्र, हातभर लांब. देवळातच विकत मिळतो. भिंतींवर, दिव्यांवर एकमेकांत गुंतलेले दोन मुळे कोरलेले दिसतात. मूर्ती मात्र दिसणार नाही. कांगितेनची मूर्ती बहुतेक ठिकाणी गुप्त ठेवतात, पुजाऱ्याशिवाय कुणी बघत नाही. ‘गणपतीचं देऊळ आणि गणपतीच नाही’ म्हणून माझी बायको हिरमुसली होती. तिला क्योतोत कांकिदान खाऊ घातलं तेव्हा कुठे कळी खुलली. कांगितेनच्या नैवेद्याचा हा जुना प्रकार. कणकेच्या पारीत गोड पुरण घालून, वर चुण्या जमवून तळलेली पुरचुंडी. चव आपली नाही, आकार मात्र थेट तळणीचा मोदक.

क्योतोच्या तोजी देवळात चार हंसांवर बसलेला ब्रह्मदेव आणि हत्तीवरचा इंद्र आहे. तिथल्याच सांजूसांगेंदो देवळात कान्नोनच्या, म्हणजे अवलोकितेश्वर बोधिसत्त्वाच्या, 1,001 मूर्तींपुढे 28 रक्षकदेव ओळीने उभे आहेत, त्यांत गरुडही आहे. गर्दी करून पुढे ढकलतात, तरी त्या रांगेपाशी रेंगाळा.

माझी सगळ्यात आवडती गोष्ट नाराची. तोदाइजीमधल्या महाबुद्धाची प्राणप्रतिष्ठा 752 मध्ये झाली. त्यात मूर्तीचे डोळे रंगवायचा मान बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूला मिळाला. तो 736 मध्ये जपानला पोहोचला होता. त्याच्या कुंचल्याला लांब दोऱ्या बांधल्या होत्या आणि जमलेल्या लोकांनी त्या हातात धरल्या होत्या, डोळे उघडण्याचं पुण्य सगळ्यांच्या वाट्याला यावं म्हणून. तो कुंचला आणि ती दोरी नाराच्या शोसोइन या राजभांडारात अजून जपून ठेवली आहे.

देवळं बघायची आणि निसर्गही बघायचा, तर दिवस कसे वाटायचे?

वाटूच नका. पहिल्या वेळी आम्ही हीच चूक केली, तीन दिवस देवळांचे आणि दोन दिवस निसर्गाचे. परत आल्यावर लक्षात आलं की जपानमध्ये हे दोन कप्पेच नाहीत.

नाराच्या दक्षिणेला ओमिवा जिंजा आहे. तिथे देवासाठी गाभारा नाही. समोरचा 467 मीटर उंचीचा मिवा डोंगर हाच देव, त्याच्याकडे तोंड करून नमस्कार करायचा. डोंगर चढायचा असेल तर नाव नोंदवून पांढरी पट्टी गळ्यात घालावी लागते. फोटो काढायचे नाहीत, आणि पाण्यावाचून काही खायचं-प्यायचं नाही. वर जाऊन काय दिसलं हे सांगायचं नसतं, म्हणून मीही सांगत नाही. नाचीला 133 मीटर उंचीचा धबधबा कोसळतो. त्याच्या पायथ्याच्या देवस्थानातही मूर्ती नाही, धबधबाच देव. माथ्यावर पाणी जिथून सुटतं तिथे गवताचा जाड दोर बांधलेला दिसतो, तीच काय ती खूण.

आपल्याकडे कोकणात आणि मावळात देवराया आहेत ना? कोयता चालवायचा नाही, पडलेलं लाकूडही घरी न्यायचं नाही, कारण रान देवाचं. जपानी देवळाभोवतालच्या राईला ‘चिंजू नो मोरी’ म्हणतात, म्हणजे रक्षणकर्त्या देवाचं रान. देवराई पाहिलेल्या माणसाला जपानी देवस्थान समजावून सांगावं लागत नाही. टोकियोच्या मधोमध असलेलं मेइजी जिंगूचं 70 हेक्टरांचं जंगल तर माणसांनी लावलेलं आहे. देशभरातून आलेली सुमारे एक लाख झाडं तिथे लावली आणि 1920 मध्ये देवस्थान उघडलं. शिबुयाच्या गजबजाटातून दहा मिनिटांत तिथे पोहोचा, आवाज कसा गळून पडतो ते बघा.

क्योतोत किती देवळं बघावीत?

दिवसाला दोन, फार तर तीन. क्योतोत देवळं हजाराहून जास्त आहेत. सहावं देऊळ पाहताना पहिलं आठवत नाही हा स्वानुभव.

फुशिमी इनारी रात्रंदिवस उघडं असतं आणि फुकट आहे. सकाळी सहाला जा, किंवा अंधार पडल्यावर. हजारो लाल-केशरी तोरी डोंगरभर आहेत, पण बहुतेक प्रवासी पहिल्या दोन वळणांत फोटो काढून परततात. 233 मीटरचा डोंगर पुरा चढायला दोन-तीन तास लागतात आणि अर्ध्यावर गर्दी संपते. प्रत्येक तोरीच्या मागच्या अंगाला देणगीदाराचं नाव आणि तारीख असते. आपल्या देवळांतल्या ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ फरश्या आठवतात, फक्त इथे बहुतेक नावं कंपन्यांची. किनकाकुजी, म्हणजे सोन्याचं देऊळ, तासाभरात होतं. मूळ इमारत 1950 मध्ये एका तरुण भिक्षूने जाळली, समोर दिसते ती 1955 ची. र्योआंजीच्या खडीच्या बागेत 15 दगड आहेत, पण ओसरीवर कुठेही बसलात तरी एक लपतोच. आमच्या मुलाने उठून, बसून, वाकून सगळे प्रयत्न केले.

इसेला जाऊ का? काहीच दिसत नाही म्हणतात.

खरं आहे, दिसत नाही. सूर्यदेवी अमातेरासूचं हे जपानचं सर्वोच्च देवस्थान, आणि तुम्हाला दिसतं ते लाकडी कुंपण, वर गवती छपराचं टोक आणि एक पांढरा पडदा. पायऱ्यांपुढे फोटो बंद. तरी जा, कारण तिथली गोष्ट विलक्षण आहे. दर 20 वर्षांनी हे सगळं देऊळ शेजारच्या मोकळ्या जागेवर पुन्हा जसंच्या तसं बांधतात, देवीला नव्या घरी नेतात आणि जुनं उतरवतात. तेराशे वर्षं हे चालू आहे. मधे यादवीच्या काळात खंड पडला होता. 2013 मध्ये 62 वी खेप झाली, पुढची 2033 मध्ये. सुतारकाम, विणकाम, धातुकाम सगळं हातातून हातात जातं. वीस वर्षांचा उमेदवार चाळिशीत मुख्य कारागीर होतो आणि साठीत शिकवायला उभा राहतो. आपल्याकडे दगडाचं देऊळ टिकतं आणि घडवणारे हात हरवतात. इथे लाकूड बदलतं, हात तेच राहतात.

तिथे जाताना शेजारची रिकामी, खडी पसरलेली जागा नक्की बघा. माझ्या मते तीच इसेमधली बघण्यासारखी गोष्ट.

कोयासानला देवळातला मुक्काम जमेल का? नियम फार कडक असतात का?

एकच रात्र परवडणार असेल तर क्योतोतली एक कमी करा आणि इथे राहा. कुकाई, म्हणजे कोबो दाइशी, या आचार्यांना 816 मध्ये ही डोंगरमाथ्यावरची जागा मिळाली. ते चीनमधून मंत्रयान, म्हणजे तांत्रिक बौद्ध पंथ, शिकून आले होते. आज तिथे शंभरावर देवळं आहेत आणि त्यांतली पन्नासेक प्रवाशांना ठेवून घेतात. ओसाकाच्या नांबा स्टेशनातून नानकाई रेल्वे पकडायची, शेवटचं स्टेशन गोकुराकुबाशी, अर्थ ‘स्वर्गाचा पूल’. तिथून दोराने ओढली जाणारी उभ्या चढाची गाडी आणि मग बस.

नियम म्हणाल तर जेवण संध्याकाळी साडेपाच-सहाला, रात्री लवकर दार बंद, पहाटे सहाच्या सुमाराला प्रार्थना. खोलीत ततामी, म्हणजे गवताची चटई, त्यावर गादी. बहुतेक ठिकाणी न्हाणीघर सामायिक. थंडीत गारठा हाडात शिरतो, देवळं लाकडाची आणि दारं कागदाची! दरडोई खर्च दोन वेळच्या जेवणासह 12,000 ते 20,000 येनच्या आसपास येतो. एक येन म्हणजे साधारण 60 पैसे धरा. स्वस्त नाही.

ओकुनोइनचं स्मशान मात्र संध्याकाळी दिवे लागल्यावर बघाच. दोन किलोमीटरची वाट, आभाळाला टेकलेले देवदारासारखे सुगी वृक्ष आणि दोन लाखांहून जास्त समाध्या, शेवाळाने हिरव्या झालेल्या. शेवटी कुकाईंची समाधी. ते गेलेच नाहीत, ध्यानाला बसले आहेत अशी श्रद्धा आहे आणि रोज दोनदा त्यांच्यासाठी जेवणाचं ताट नेतात. आळंदीची संजीवन समाधी माहीत असलेल्याला यात परकं काहीच वाटत नाही.

समाध्यांवरच्या दगडांकडे नीट बघा. पाच आकार एकावर एक रचलेले असतात, ही पंचमहाभूतं, आणि प्रत्येकावर एक अक्षर कोरलेलं. ही सिद्धम लिपी, ब्राह्मीची वंशज, म्हणजे आपल्या देवनागरीची चुलत बहीण. अक्षरं वरून खाली ख, ह, र, व, अ. मी बायकोला मोबाइलच्या उजेडात ‘र’ दाखवला आणि आम्ही दोघं काही वेळ तिथेच उभे राहिलो. जपानी वर्णमालाही अ-इ-उ-ए-ओ, मग क, स, त, न, ह, म, य, र, व अशीच चालते. हा क्रम संस्कृत वर्णमालेवरूनच बसवलेला आहे.

पहाटे काही देवळांत गोमा असतो. गोमा म्हणजे होम, शब्दसुद्धा तोच. समिधा, तूप नव्हे तर तेल, मंत्र आणि ढोल. कोयासान जमत नसेल तर नारिता विमानतळाजवळच्या नारितासान शिनशोजीमध्ये दिवसातून अनेकदा गोमा होतो आणि बसायला पैसे पडत नाहीत. विमानाला पाच-सहा तास असतील तर तिथे जाऊन येता येतं.

कुमानो कोदो आम्हाला झेपेल का? सह्याद्रीत ट्रेक करतो अधूनमधून.

राजगड-तोरणा करणाऱ्याला सहज झेपेल. ही हजारेक वर्षांची यात्रेची वाट ओसाकाच्या दक्षिणेला कीई द्वीपकल्पाच्या डोंगरांतून जाते, 2004 पासून जागतिक वारसा आहे. लोक बहुधा नाकाहेची ही वाट घेतात: ताकिजिरीपासून कुमानो होंगू ताइशापर्यंत साधारण 38 किलोमीटर, दोन-तीन दिवस, रात्री वाटेवरच्या छोट्या गावांत मुक्काम. सामान पुढच्या मुक्कामावर पाठवायची सोय आहे, पाठीवर फक्त पाणी आणि रेनकोट. दर पाचशे मीटरवर अंकांचा खांब, वाट चुकायला खास प्रयत्न करावे लागतील. मधे मधे ‘ओजी’ नावाची छोटी देवस्थानं लागतात, यात्रेकरू तिथे थांबून पुढे जात.

तेवढा वेळ किंवा दम नसेल तर बसने होश्शिनमोन ओजीला जा आणि तिथून होंगूपर्यंतचे शेवटचे 7 किलोमीटर चाला. बहुतेक उतार, चहाच्या मळ्यांतून आणि वस्त्यांतून, अडीच-तीन तास. होंगूचं मूळ देऊळ नदीतल्या बेटावर होतं, 1889 च्या पुरात बरंचसं वाहून गेलं. उरलेलं टेकडीवर हलवलं. जुन्या जागी आज जवळजवळ 34 मीटर उंचीची पोलादी तोरी एकटीच उभी आहे, भाताच्या खाचरांमध्ये.

बसचं वेळापत्रक मात्र छापून खिशात ठेवा. होंगूला मी ‘अजून एक फोटो’ करत बस घालवली आणि पुढची दीड तासाने होती. चूक शंभर टक्के माझी. जवळच युनोमिने हे गरम पाण्याच्या कुंडांचं गाव आहे. तिथे त्सुबोयु नावाची ओढ्यातली लाकडी खोपट्याएवढी न्हाणी आहे. दोन-तीनच माणसं मावतात, अर्ध्या तासाची पाळी मिळते. पाळी येईपर्यंत लोक शेजारच्या उकळत्या कुंडात अंडी आणि रताळी जाळीत घालून सोडतात.

आणि हो, नाचीचं सेइगांतोजी देऊळ भारतातून समुद्रमार्गे आलेल्या एका नग्न साधूने स्थापन केलं अशी दंतकथा आहे. इतिहास म्हणून घेऊ नका, पण देवळातल्या माणसाने ‘कुठून आलात?’ विचारलं आणि आम्ही ‘इंडिया’ म्हटलं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं, ते त्या दंतकथेमुळेच असणार.

फुजी चढावा का?

बघावा. चढाई जुलै ते सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंतच, 3,776 मीटर, 2025 पासून चारही वाटांवर 4,000 येन शुल्क आहे आणि रात्री विश्रामगृहाचं आरक्षण नसेल तर वर सोडत नाहीत. वाट म्हणजे काळी राख आणि रांग. सुंदर दिसतो तो लांबून, आणि उन्हाळ्यात बहुधा ढगांत असतो. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी कावागुचीको तळ्याकाठून बघा. तोही देवच आहे बरं का. आठव्या टप्प्यापासून वरची जमीन सेंगेन ताइशा या देवस्थानाची आहे.

कधी जावं?

क्योतोत साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, मार्चअखेर ते एप्रिलचा पहिला आठवडा, लाल पानं नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत. टोकियोच्या उत्तरेला डोंगरात असलेल्या निक्कोच्या वरच्या तळ्याकाठी पानं महिनाभर आधी, ऑक्टोबरच्या मध्याला रंगतात. दोन्ही वेळा गर्दी आणि हॉटेलांचे दर डोळे पांढरे करतात. 29 एप्रिल ते 5 मेचा ‘गोल्डन वीक’ आणि ऑगस्टच्या मध्याचा ओबोन, म्हणजे पितरांचा सण, टाळा, अख्खा देश प्रवासाला निघालेला असतो.

आम्हाला जून आवडला. सगळे म्हणाले, पावसात कशाला? आपण पावसाळ्याची माणसं. तिथला पाऊस आपल्या जुलैपुढे भुरभुर. शेवाळ टवटवीत, हायड्रेंजिया फुललेला, देवळं निम्मी रिकामी. आवारात मात्र छत्रीशिवाय इलाज नाही आणि मोजे रोज वाळवावे लागतात. सप्टेंबर वादळांचा, तेव्हा कुमानोसारखी डोंगरवाट ठरवू नका.

शाकाहारी आहोत. उपाशी राहू का?

उपाशी नाही, पण बेसावध राहिलात तर मासे पोटात जातील. मांस दिसतं, अडचण ‘दाशी’ची. हे सुक्या बोनिटो माशाचं पाणी सूपमध्ये, सॉसमध्ये, भाजीत, अगदी अंड्यातही असतं. म्हणून ‘बेजितारियन’ म्हणून भागत नाही, ‘दाशी मो दामे देस’, म्हणजे दाशीही नको, असं सांगावं लागतं. आम्ही जपानीत लिहिलेली चिठ्ठी दाखवायचो.

खरी मेजवानी देवळातच मिळते. शोजिन र्योरी, म्हणजे भिक्षूंचं जेवण, पूर्ण शाकाहारी आणि परंपरेने कांदा-लसणाशिवाय. तिथली दाशी समुद्री शेवाळाची आणि मशरूमची. कोयासानचा तिळाचा तोफू खाऊन आमच्या काकू (चातुर्मास पाळणाऱ्या!) म्हणाल्या, ‘हे तर उपासालाही चालेल.’ तिथे तीळ उपासाला चालतात का हा वाद त्यांनी स्वतःशीच मिटवला. दुकानांतल्या भाताच्या गोळ्यांत खारवलेल्या आंबट जपानी जर्दाळूचा ‘उमे’ तुलनेने निर्धोक. मेथीचे ठेपले आणि दाण्याची चटणी न्यायला लाजू नका.

आई-बाबांना घेऊन जाता येईल?

येईल, पण पायऱ्या मोजून ठिकाणं निवडा. शिकोकू बेटावरच्या कोम्पिरा देवस्थानाला मुख्य देवळापर्यंतच 785 पायऱ्या आहेत (नाव ‘कुंभीर’ वरून आलं आहे, म्हणजे मगर). नाराचं तोदाइजी, त्याच प्रांतातलं होर्यूजी आणि हिरोशिमाजवळचं मियाजिमा बेटावरचं देवस्थान सपाट. होर्यूजीमध्ये जगातल्या सगळ्यात जुन्या लाकडी इमारती आहेत आणि गर्दी नाही. मेइजी जिंगू आणि इसेला खडीच्या वाटा आहेत, चाकांच्या खुर्चीला त्रास होतो.

मियाजिमाला निघताना भरती-ओहोटीची वेळ बघा. भरतीला तोरी पाण्यात तरंगल्यासारखी दिसते, ओहोटीला तिच्या पायाशी चालत जाता येतं. तोरी 1875 ची, नुसत्या वजनावर उभी आहे, जमिनीत पुरलेली नाही. दोन्ही बघायचं तर बेटावर राहावं. शेवटची होडी गेल्यावर उरतात ती हरणं आणि दिवे.

बूट चढवण्या-उतरवण्याला सोपे घ्या, दिवसातून दहा वेळा काढावे लागतात. आणि भोक नसलेले मोजे! माझा अंगठा क्योतोतल्या तीन देवळांनी पाहिला आहे.

रेल्वेचा पास घ्यावा का?

बहुतेकांना नको. 7 दिवसांचा पास 2023 च्या ऑक्टोबरात 29,650 वरून 50,000 येनवर गेला. टोकियो-क्योतो जाऊन-येऊन शिंकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, साधारण 28,000 येन पडते. हिरोशिमापर्यंत जाऊन लगेच परतणार असाल तरच हिशोब मांडा. शहरात टॅप करायचं कार्ड पुरतं. मोठ्या बॅगा कुरियरने पुढच्या हॉटेलात पाठवा, तिथे सगळेच पाठवतात.

फोटो?

आवारात चालतो. गाभाऱ्यातल्या मूर्तींचा सहसा नाही, पाटी असते. कुणी प्रार्थना करत असेल तर त्याच्या समोर उभे राहू नका. क्योतोच्या गिओनमधल्या खासगी गल्ल्यांत फोटो काढला तर 10,000 येन दंडाच्या पाट्या लागल्या आहेत.

नाराची हरणं चावतात का?

बिस्किटं दाखवून द्यायला उशीर केलात तर चावतात. वाकून नमस्कार करतात हेही खरं. कासुगा देवस्थानाचा देव पांढऱ्या हरणावर बसून आला म्हणून ती पवित्र. नकाशा हातात धरू नका, आमचा खाल्ला.

तिथून आणण्यासारखं काय?

गोशुइनचो, म्हणजे देवळोदेवळी सही-शिक्का घ्यायची घडीची वही. पहिल्याच देवळात घ्या. प्रत्येक ठिकाणी 300 ते 500 येन देऊन कुणी भिक्षू किंवा पुजारी समोर बसून कुंचल्याने नाव आणि तारीख लिहून देतो. साध्या वहीवर किंवा हॉटेलच्या कागदावर मागू नका, ते भक्तीचं काम आहे, स्टॅम्प गोळा करणं नव्हे. खिडकी संध्याकाळी चार-पाचच्या सुमाराला बंद होते.

दुसरं म्हणजे ओमामोरी, कापडाच्या पिशवीतला ताईत. परीक्षा, बाळंतपण, वाहन, प्रत्येकासाठी वेगळा. पिशवी उघडायची नाही. त्याची शक्ती वर्षभर टिकते असं मानतात, मग तो देवळात परत करायचा आणि ते विधिपूर्वक जाळतात. ‘इतक्या लांब परत कसा करायचा?’ हा पुढचा प्रश्न असतोच. काही देवस्थानं टपालाने पाठवलेले घेतात. आमचा निक्कोचा ओमामोरी आता तीन वर्षांचा झाला. आई त्याला रोज हळदकुंकू लावते, त्यामुळे तो आता कुठे पाठवायचा हा विषय आमच्या हातात राहिलेला नाही.